बाळाची जाग, आईची झोप

वाचकांचे प्रश्न आणि बालरोगतज्ज्ञांची उत्तरे

या वेळी तान्ह्या बाळांच्या झोपेविषयीची तीन पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राला मी मुद्दाम अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील प्रश्न बाळाचा असला तरी दुखणे आईचे आहे.

प्रश्न : माझी मुलगी नऊ आठवड्यांची आहे. बाळंतपणाला मी निफाडला माहेरी होते आणि सव्वा महिना झाल्यावर पंचवटीतील सासरच्या घरी परत आले. माहेरी आई रात्री उठत असे, त्यामुळे जागरण फारसे जाणवले नाही. येथे मुलगी रात्री दर दीड-दोन तासांनी उठते, तिन्हीसांजेला दोन-दोन तास रडते आणि पहाटे काळारामाच्या मंदिरात काकड आरतीची वेळ होते तेव्हा कोठे शांत झोपते. पती अंबडच्या कारखान्यात पाळीने कामाला जातात. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत बसते. सासूबाईंचे म्हणणे असे की, माझे दूध पुरत नाही म्हणून बाळ उठते. रात्री जायफळ उगाळून चाटवले की ते सलग झोपेल. माझे दूध खरोखर कमी पडत असेल का? जायफळ द्यावे का? अलीकडे बाळ झोपले तरी मला झोप लागत नाही, आणि मधूनच असे वाटते की, तिला खाली ठेवून कोठे तरी निघून जावे. हे लिहितानाही मला अपराधी वाटते.
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, तुमच्या पत्राच्या शेवटापासून सुरुवात करते. बाळ झोपलेले असताना, अंग थकलेले असताना आणि घर शांत असतानाही आईला झोप न लागणे, ही गोष्ट मी दुधाच्या किंवा जायफळाच्या प्रश्नापेक्षा अधिक गंभीर मानते. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत डोळे भरून येणे, चिडचिड होणे हे अनेकींना होते आणि ते आपोआप ओसरते. मात्र दोन आठवडे उलटल्यानंतरही मन उदास राहणे, झोप उडणे, आपण आई म्हणून कमी पडतो असे सतत वाटणे ही प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणे असू शकतात. हा स्वभावदोष नाही आणि मायेची उणीवही नाही. हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे, आणि त्यावरची काही औषधे अंगावर पाजणाऱ्या आईलाही देता येतात. तुमची प्रसूती ज्या डॉक्टरांकडे झाली, त्यांना या आठवड्यातच भेटा आणि पत्रात जे लिहिले आहे तेच त्यांना शब्दशः सांगा. केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून रात्री-अपरात्रीही चालतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार एकदा जरी मनात आला, तरी त्याच क्षणी पतीला उठवा, त्यांची पाळी कोणतीही असो, आणि थेट रुग्णालय गाठा.

रडणारे बाळ असह्य झाले, तर त्याला पाठीवर सपाट गादीवर ठेवून पाच-दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत जाऊन उभे राहायला काहीही हरकत नाही. तेवढ्या रडण्याने बाळाला इजा होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे निघून जावेसे वाटले तेव्हा तुम्ही दाराबाहेर पाच मिनिटे उभ्या राहिलात, तर ते योग्यच ठरेल आणि त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही.

आता दुधाविषयी. दूध पुरते की नाही, हे बाळ रात्री किती वेळा उठते यावरून ठरत नाही. दिवसभरात सहा किंवा त्याहून अधिक वेळा लंगोट ओले होत असतील, लघवी फिकट रंगाची असेल आणि वजन दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढत असेल, तर दूध पुरते आहे. अडीच महिन्यांच्या लसीसाठी जाल तेव्हा दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी कार्डावर लिहिलेल्या वजनाशी नवे वजन ताडून पाहा आणि ते कार्ड घरी सर्वांना दाखवा. चार जणांच्या मतापेक्षा वजनकाट्यावरचा आकडा आईला अधिक आधार देतो, हा माझा अनुभव आहे.

मग मुलगी इतक्यांदा का उठते? या वयाचे बाळ चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपते, पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते. मोठ्या माणसाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचे असते, तर तान्ह्या बाळाचे सुमारे ५० मिनिटांचे, आणि सुरुवातीच्या महिन्यांत त्यातील जवळपास निम्मा वेळ चळवळी झोपेचा असतो. पोट लहान असते, आईचे दूध लवकर पचते, त्यामुळे चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे लागणे हे स्वाभाविकच आहे. शिवाय रात्र कोणती आणि दिवस कोणता, हे ओळखणारे शरीरातील घड्याळ जन्मतः चालू नसते. ते दुसऱ्या ते चौथ्या महिन्याच्या दरम्यान हळूहळू लागू पडते. तुमची मुलगी पहाटे गाढ झोपते याचे कारण बहुधा हेच आहे. सकाळी सातच्या सुमारास तिला वाड्याच्या चौकात उजेडात घेऊन बसा, दिवसा खोलीत नेहमीचे आवाज आणि प्रकाश राहू द्या, आणि रात्री पाजताना केवळ मंद दिवा ठेवून कमीत कमी बोला. मोबाइलचा प्रकाश तेवढ्या वेळेपुरता दूर असावा, हे तुमच्या स्वतःच्या झोपेसाठीही महत्त्वाचे आहे.

येथे एक निरीक्षण करून पाहावे, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला सांगते. बाळ झोपल्यावर दहा मिनिटे त्याच्याजवळ हात न लावता बसा. पापण्यांखाली बुबुळे सरकताना दिसतील, ओठ चोखल्यासारखे हलतील, मूठ उघडेल आणि मिटेल, श्वास थोडा वेगाने होऊन काही सेकंद थबकेल, मध्येच कुंथल्यासारखा आवाज येईल, आणि कधी बाळ गोड हसेलही. सटवाई बाळाला हसवते असे आपल्याकडे म्हणतात, ती हीच चळवळी झोप. या सगळ्या काळात बाळ झोपलेलेच असते. मात्र कुंथण्याचा आवाज होताच आई त्याला उचलते, पदराखाली घेते आणि नकळत झोपलेल्या बाळाला जागे करते. यापुढे आवाज आला की एक मिनिट थांबा. बाळ खरोखर उठले असेल, तर ते तुम्हाला कळवल्यावाचून राहणार नाही. नसेल, तर रात्रीतील एक-दोन उठबशी कमी होतील.

जायफळ देऊ नका. जायफळातील गुंगी आणणाऱ्या द्रव्याचे प्रमाण एका फळात एक आणि दुसऱ्यात वेगळे असते. सहाणेवर किती वेढे उगाळले यावरूनही ते बदलते, आणि पाच किलोच्या जिवाला त्यातील किती सोसेल याचे कोणतेही सुरक्षित माप नाही. जास्त झाल्यास सुस्ती, हृदयाचे ठोके वाढणे, झटके येणे असे परिणाम होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भूक लागल्यावर, नाक दबल्यावर, अंग तापल्यावर जागे होण्याची क्षमता हेच तान्ह्या बाळाचे संरक्षण असते, आणि गुंगी नेमके तेच काढून घेते. सासूबाईंचा हेतू सुनेला विसावा मिळावा हाच आहे, याबद्दल मला शंका नाही. तो विसावा देण्याचा मार्ग निराळा आहे, आणि त्यात त्यांची खरोखरच गरज लागणार आहे. बाळगुटी, ग्राइप वॉटर, मध आणि पाणी यांचीही सहा महिने गरज नाही. मध तर वर्षभर देऊच नये.

तिन्हीसांजेच्या रडण्याविषयी थोडक्यात सांगते. हे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वाधिक होते आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरते. तुमची मुलगी उताराला लागली आहे. मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढायची असेल तर जरूर काढा, मात्र निखाऱ्यावर मिरच्या टाकून त्याचा धूर बाळाच्या खोलीत होऊ देऊ नका. छातीशी धरून फेऱ्या मारणे, कोमट पाण्याने अंग पुसणे, एकसुरात अंगाई म्हणणे यांनी रडणे थांबले नाही तरी सौम्य होते.

आता मुख्य गोष्ट. बाळाचे उठणे येत्या महिन्याभरात फारसे कमी होणार नाही. जे बदलता येईल ते तुमच्या घरातील जागरणाची वाटणी. तुमच्या पत्रात पतीची झोप जपण्यासाठी बाहेरच्या खोलीत बसलेली बाई दिसते, पण तिची झोप कोण जपते हे मात्र कोठेच दिसत नाही. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला झोप हवीच, हे मला मान्य आहे. परंतु त्यांची पाळी दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला बदलत असेल, तर वाटणीही तशीच बदलू शकते. सकाळची पाळी असेल तेव्हा त्यांनी रात्री नऊ ते बारा बाळाजवळ राहावे. दुपारच्या पाळीवरून ते मध्यरात्री घरी येत असतील, तर येताच झोप लागत नसते. त्या वेळी दोन वाजेपर्यंत बाळ त्यांच्याकडे असावे. रात्रपाळीच्या आठवड्यात रात्रीचा पहिला प्रहर सासूबाईंनी घ्यावा आणि सुटीच्या दिवसाची दुपार पतीने. ज्याची पाळी असेल त्याने ढेकर काढणे, लंगोट बदलणे, थोपटणे हे सर्व करावे, आणि केवळ पाजण्यासाठीच बाळाला तुमच्याकडे आणावे.

तुम्ही रात्री नऊला पाजून लगेच आडव्या व्हा. मधले एक पाजणेही टाळायचे असेल, तर दूध स्वच्छ भांड्यात काढून ठेवता येते. खोलीत फार उकाडा नसेल तर ते चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस चांगले राहते, आणि वाटी-चमच्याने पाजता येते. सलग चार तासांची झोप काही दिवस मिळाली, तर तुम्हाला स्वतःतच फरक जाणवेल. मात्र तेवढी झोप घेण्याची संधी मिळूनही डोळा लागला नाही, तर ती गोष्टही डॉक्टरांना सांगा.

हे उत्तर तुमच्या पतीने आणि सासूबाईंनी वाचावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्न : आमचा मुलगा सात महिन्यांचा आहे. रात्री अकराच्या सुमारास मी त्याला पुढे धरून स्कूटरवरून म्हसरूळहून मखमलाबादपर्यंत चक्कर मारून आणतो, त्याशिवाय त्याला झोप लागत नाही. घरी आणून अंथरुणावर ठेवले की तासाभरात तो उठतो आणि पुन्हा कडेवर घेऊन फिरावे लागते. पत्नी नुकतीच कामावर रुजू झाली आहे. एका मित्राने सांगितले की, दोन-तीन रात्री रडू द्या, मग आपोआप सवय लागते. हे योग्य आहे का?
– एक वाचक, म्हसरूळ

उत्तर : ती चक्कर आजपासून बंद करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. एका हाताने बाळ धरून आणि एका हाताने हँडल सांभाळून रात्रीच्या रस्त्यावर स्कूटर चालवणे किती धोक्याचे आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना चालकाच्या अंगाशी बांधणारा सुरक्षापट्टा वापरणे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेटही. तुमच्या मुलाएवढ्या बाळाच्या मापाचे हेल्मेट तर मिळणेही कठीण, आणि त्याचे वजन पेलण्याइतकी या वयाची मान बळकट नसते.

त्याचे उठणे समजून घेणे अवघड नाही. प्रत्येक बाळ झोपेच्या एका आवर्तनाच्या शेवटी किंचित जागे होते आणि आपण जेथे झोपलो तेथेच आहोत ना, हे चाचपते. तुमचा मुलगा वाऱ्यात, हलत्या स्कूटरवर, वडिलांच्या पोटाशी झोपतो आणि जागा होतो तो स्तब्ध, अंधाऱ्या खोलीत. तुम्ही आपल्या पलंगावर झोपलात आणि अंगणात जागे झालात, तर तुम्हीही हाक माराल. म्हणून त्याने ज्या ठिकाणी रात्र काढायची आहे, तेथेच त्याला झोप लागली पाहिजे.

अकराची वेळ या वयाला फार उशिराची आहे. अतिशय दमलेले बाळ लवकर झोपत नाही, उलट अधिक किरकिरते. दुपारची शेवटची डुलकी पाचच्या आत संपवा आणि साडेआठपर्यंत दिवे मंद करा. कोमट पाण्याने अंग पुसणे, हलक्या हाताने तेल लावणे, पाजणे, मग एखादी ओवी किंवा अंगाई, असा क्रम दररोज तोच ठेवा आणि डोळे जड झाले, पण मिटले नाहीत, अशा वेळी त्याला अंथरुणावर ठेवा. पहिले काही दिवस जवळ बसून थोपटा. नंतर केवळ छातीवर हात ठेवा. नंतर हात काढून नुसते बसा. प्रत्येक टप्प्याला तीन-चार रात्री द्या. तो रडेल, पण एकटा रडणार नाही.

मित्राने सांगितलेल्या पद्धतीबद्दल टोकाची मते ऐकू येतात. खोलीबाहेर थांबण्याचा काळ हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत अमेरिकेत १९८० च्या दशकात रूढ झाली आणि ती सहा महिन्यांपुढील निरोगी बाळांसाठीच सांगितली जाते. ऑस्ट्रेलियात अशा झोपेच्या सवयी लावलेल्या मुलांना वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत पाहण्यात आले, तेव्हा त्यांच्या वागण्यावर किंवा आईवडिलांशी असलेल्या नात्यावर वाईट परिणाम आढळला नाही. पण कायमचा फायदाही आढळला नाही. म्हणजे ती क्रूर नाही आणि चमत्कारही नाही. तरीही मी ती आपल्या घरांना सहसा सुचवत नाही. दोन खोल्यांच्या घरात, भिंतीला भिंत लागून शेजार असताना आणि आजी-आजोबा दाराशी उभे असताना तिसऱ्या रात्री कोणीतरी बाळाला उचलतेच, आणि मग बाळ एवढेच शिकते की, अधिक वेळ रडावे लागते. जवळ बसण्याची पद्धत सावकाश चालते, पण तिला सगळे घर साथ देते.

आणखी दोन गोष्टी. सातव्या-आठव्या महिन्यात आई दृष्टीआड झाली की बाळ घाबरू लागते, आणि तुमच्या पत्नी याच सुमारास कामावर जाऊ लागल्या आहेत. त्या घरी आल्यावर पदराआड लपून ‘भॉक’ करण्याचा खेळ दहा मिनिटे जरी खेळल्या, तरी गेलेली आई परत येते हे त्याला उमगते. दुसरे असे की, या वयात रात्री एकदा पाजावे लागणे सामान्य आहे. रात्री झोप यावी म्हणून नाचणीच्या सत्त्वाने पोट ठासून भरू नका. त्याने झोप वाढत नाही, पोट मात्र बिघडते.

प्रश्न : नातू तीन महिन्यांचा आहे. त्याला पालथे झोपवू नका, राईची उशी नको, कुंची नको, शेक-धुरी नको, साडीची झोळी नको, असे सून सांगते. माझी चार मुले अशीच वाढली. थंडीच्या दिवसांत उघड्या डोक्याने बाळ झोपवणे मला पटत नाही. कोणाचे बरोबर?
– एक आजी, देवळाली गाव

उत्तर : आजी, तुमची चार मुले सुखरूप वाढली, यात तुमच्या कष्टांचा वाटा मोठा आहे. मात्र या बाबतीत सूनबाई सांगतात ते बरोबर आहे. पूर्वी डॉक्टरही पालथे झोपवायला सांगत असत. पुढे लक्षात आले की, झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांमध्ये पालथी झोपवलेली बाळे अधिक असतात. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळाला पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि त्यानंतर असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. म्हणून प्रत्येक झोप पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, आईच्या खोलीत, आणि आसपास उशी, लोड, गोधडीचा ढीग काहीही नको. राईची उशी डोक्याला आकार यावा म्हणून देतात. ती सरकून नाकातोंडावर येऊ शकते. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून झोळीत डोळा लागला तर त्याला उचलून गादीवर ठेवावे. धुरी आणि डासांची कॉइल दोन्हींचा धूर कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही, मच्छरदाणी उत्तम.

नाशिकची थंडी मी जाणते. बाळाला आपल्यापेक्षा कपड्याचा एक थर जास्त असावा. हातपाय गार लागणे चालते. मानेच्या मागे बोट घालून पाहावे, तेथे घाम असेल तर कपडे जास्त झाले. बाहेर नेताना कुंची जरूर घाला, घरात झोपवताना ती काढा, कारण तान्हे बाळ अंगातील जादा उष्णता डोक्यावाटेच बरीचशी बाहेर टाकते. मात्र अंग चांगलेच कढत लागले, ताप १०० अंशांच्या वर चढला, बाळ पिईनासे झाले, किंवा श्वास जलद होऊन छाती आत ओढली जाऊ लागली, तर झोपेची वाट न पाहता, रात्र असली तरी डॉक्टरांकडे न्यावे.

डोके एका बाजूने चपटे होईल ही तुमची काळजी रास्त आहे, आणि त्यावरचा उपाय तुमच्याच हातात आहे. नातू जागा असताना, दूध पिऊन अर्धा तास झाल्यावर, त्याला चटईवर पालथे घाला आणि तुम्ही त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. पहिल्या दिवशी तो मिनिटभरात कुरकुर करेल, तेवढेही पुरेसे आहे. दिवसातून चार-पाच वेळा असे केले की काही दिवसांत तो मान उचलून तुमच्याकडे पाहू लागेल.